हलका धक्का

वऱ्हाडात शेती दोनदा करावी लागते. एकदा दिवसा आणि एकदा रात्री. दिवसाची शेती पेरण्याची, निंदण्याची, फवारण्याची. रात्रीची शेती केवळ राखण्याची. ह्या दुसऱ्या शेतीस आमच्याकडे 'जागल' म्हणतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन शेंगेवर आले, तूर फुलली, हरभऱ्यास घाटे धरले, की गावोगाव माणसे कांबळे व विजेरी घेऊन वावरात जातात आणि पहाटेपर्यंत 'हो-हो' करीत धुऱ्यावरून फिरतात. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला म्हणजे खातो त्याच्या कितीतरी पट तुडवितो. रोही खाण्यास तसा सभ्य, पण पोट मोठे. कारंजा तालुक्यात ह्या दोघांच्या जोडीस काळवीटही असतो. सन २००० मध्ये तेथे कारंजा-सोहोळ अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अठरा चौरस किलोमीटरांच्या आसपास. त्यातील गवताळ माळ हे काळविटांचे घर. घराची हद्द सरकारी नकाशावर असते, काळविटाच्या डोक्यात नसते. तो रात्री शेजाऱ्याच्या हरभऱ्यास भेट देऊन पहाटे परत जातो.

ह्याच बाजूस आमचे थोरले मावसबंधू राहतात. त्यांस सारा गाव 'दादा' म्हणतो, आम्हीही तसेच म्हणतो. वय सत्तरीकडे झुकलेले. चार वर्षांपूर्वी ते ट्रॅक्टरवरून पडले. खुब्याच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली, उजव्या खांद्याचा सांधा कायमचा आखडला. आता कुबडीच्या आधाराने अंगणापासून गोठ्यापर्यंत चालतात. त्यापुढे कोणीतरी मोटारसायकलवर बसवून न्यावे लागते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास. जागल मजुरीने लावावी तर माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर झोपतो. अशा स्थितीत त्यांनी एके दिवशी आम्हांस बोलावून घेतले आणि कोणतीही प्रस्तावना न करता म्हटले, "मले झेपन अशी एखादी रायफल सांग. धक्का कमी पाहिजे, बाकी काही नाही."

आम्ही आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आणि तरुणपणी छात्रसेनेत .२२ बोअरची रायफल चालविली. एवढ्या पुण्याईवर हा प्रश्न आमच्याकडे आला. प्रश्न वरवर बाजारहाटाचा होता. तो तसा नव्हता हे उमगावयास आम्हांस काही महिने लागले. त्या महिन्यांत जे वाचले, मोजले व बोललो, ते येथे मांडतो; कारण म्हातारपण आणि अपंगत्व ह्या गोष्टी बंदूक न बाळगणाऱ्या घरांतही येतातच.

आधी धक्क्याविषयी. बंदुकीचा धक्का म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने खांद्यावर मागितलेला हिशेब होय. गोळी जेवढा संवेग घेऊन पुढे जाते तेवढाच संवेग बंदूक मागे आणते. नऊ ग्रॅमची गोळी सेकंदास ८०० मीटर वेगाने निघाली आणि बंदुकीचे वजन साडेतीन किलो असले, तर केवळ गोळीपुरता हिशेब केला तरी बंदूक सेकंदास सुमारे २ मीटर वेगाने मागे येते; जळलेल्या दारूचे वायू नळीतून सुटतात ते त्यात आणखी भर घालतात. आता ह्यातून दोन वाटा निघतात. बंदूक दुप्पट जड केली तर धक्क्याची ऊर्जा निम्मी होते. उलट, पुढे जाणाऱ्या मालाचा संवेग निम्मा केला तर बंदूक तीच असूनही ऊर्जा चौथाईवर येते. निरोगी माणसास पहिली वाट सोपी. चांगली जड बंदूक घ्यावी आणि मोकळे व्हावे. परंतु ज्याचा खांदा आखडलेला आहे त्यास जी बंदूक मारीत नाही ती उचलता येत नाही, आणि जी उचलता येते ती मारते. म्हणून अशा माणसाने दुसरी वाट धरावी, म्हणजे गोळी लहान करावी.

परदेशांत हीच वाट धरतात. अमेरिकेत १९५५ साली निघालेले .२४३ हे काडतूस लहान चणीच्या, वृद्ध अथवा दुखऱ्या खांद्याच्या शिकाऱ्यांस सुचविले जाते. त्याची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमांची, आणि त्याचा धक्का तेथील नेहमीच्या.३०-०६ काडतुसाच्या निम्म्याहूनही कमी असतो. खेरीज काही उपाय कोणत्याही बंदुकीस लागू पडतात. दस्त्यास मऊ रबराची गादी लावावी. तिने संवेग घटत नाही, परंतु तो खांद्यास पोचावयास वेळ जास्त लागतो, आणि बुक्कीचे ढकलणे होते. दस्त्याची लांबी माणसाच्या हाताप्रमाणे कापून घ्यावी, कारण बसून बंदूक धरणाऱ्यास उभ्या माणसाचा दस्ता लांब पडतो. नळीखाली वाळूची पिशवी अथवा दुपायी टेकू द्यावा, म्हणजे भार हातांवरून जमिनीवर जातो. कानांत बोळे घालावे. कारण माणूस दचकतो तो पुष्कळदा धक्क्याने नव्हे, आवाजाने, आणि एकदा दचकण्याची सवय लागली की नेम गेलाच. उजवा खांदा साफ निकामी असेल तर डावा शिकवावा. हंगेरीचा कारोली ताकाच ह्याचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बने उडाला. त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरावयास शिकून १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविले. हे सर्व आम्ही एका वहीत नीट लिहून दादांकडे नेले. ते खूश झाले. डाव्या खांद्यावर कुबडी धरून त्यांनी अंगणातल्या निंबावर नेमही धरून पाहिला.

परंतु वहीतले जग वेगळे आणि कारंज्याचे वेगळे. आपल्याकडे नागरिकाने दुकानात जाऊन आपल्या खांद्यास बेतशीर काडतूस निवडावे, अशी सोय नाही. पिढ्यान्पिढ्या जी रायफल परवानेदारांच्या घरी दिसते ती ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ बोअरची, तिची गोळी.२४३ च्या दुपटीहून जड, आणि धक्काही त्या मानाने. .२२ बोअरच्या रायफलीचा धक्का नगण्य, पण तिची गोळी अवघ्या अडीच ग्रॅमांची. ती लक्ष्यफलकासाठी केलेली आहे. दोनशे किलोच्या रोह्यावर ती झाडणे म्हणजे त्यास न मारता आठ दिवस मरावयास लावणे. राहिली बारा बोअरची दुनळी. ती दादांच्या वडिलांच्या काळापासून घरात होती. तिचा धक्का दादांच्या चांगल्या खांद्यासही आठवणीत राहण्याजोगा होता. हलकी काडतुसे मिळतात, परंतु त्यांतले बारीक छर्रे डुकरास जखमी करण्यापुरतेच.

कायद्याची रचना तर पाहण्यासारखी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या रक्षणासाठी बंदुकीचा उल्लेख स्पष्ट आहे, पण कोणत्या? ठासणीच्या. ठासणीची बंदूक भरावयाची म्हणजे ती उभी करावी, नळीत दारू ओतावी, वर गुद्दा घालावा, गजाने ठासावी, मग छर्रे, मग पुन्हा ठासणे. हे सर्व अंधारात, धडधाकट दोन हातांनी आणि बहुधा उभ्याने. एक बार चुकला की दुसरा भरेपर्यंत डुकरे शेजारच्या गावी पोचतात. म्हणजे ज्या शेतकऱ्यास दोन पाय व दोन खांदे आहेत त्याच्या नजरेने हे कलम लिहिले गेले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा त्याच कलमात आहे. दादांच्या बाबतीत ह्याहून मोठी अडचण वन्यजीव संरक्षण अधिनियमाची होती. १९७२ च्या ह्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत शस्त्राचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. आणि दादांचे वावर अभयारण्याच्या माळापासून हाकेच्या अंतरावर.

बंदूक मिळाली तरी ती झाडता येतेच असे नाही. शिकार हा शब्द आता कायद्याच्या दृष्टीने गुन्ह्याचे नाव आहे. उभ्या पिकास धोका करणाऱ्या रानडुकरास अथवा रोह्यास मारण्याची परवानगी अकराव्या कलमाखाली मिळू शकते, परंतु ती लेखी, सकारण आणि अधिकृत अधिकाऱ्याची हवी. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने हरभरा खाल्ला एवढ्या कारणाने त्यावर गोळी झाडता येत नाही. आता रात्री दोन वाजता, ढगाळ आभाळाखाली, तुरीच्या ओळींत हलणारी काळी सावली डुकराची की काळविटाच्या मादीची, की शेजारच्या वावरात जागलीस आलेल्या माणसाची, हे बसल्या जागेवरून ठरवावयाचे आहे. पाय असलेला माणूस चार पावले पुढे जाऊन खात्री करून घेतो. दादांस ती चार पावले नव्हती.

येथे आम्हांस प्रथम वाटू लागले, की आपण बंदुकीच्या मागच्या टोकाचा विचार फार केला आणि पुढच्या टोकाचा फार थोडा. धक्का खांद्यास लागतो तसा तो जनावरासही लागतो, आणि तेथे गोष्ट संपत नाही. बार बसलेले जनावर जागच्या जागी क्वचितच पडते. ते धावते, रक्ताचा माग ठेवीत नाल्यात, झुडपांत शिरते. चांगल्या शिकाऱ्यांचा जुना दंडक असा, की जखमी केलेले जनावर मागे टाकून घरी यावयाचे नाही. जखमी डुक्कर तर माग काढणाऱ्यावर उलटते. ते काम धडधाकट माणसाचे देखील नव्हे, दोघा-तिघांचे. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत चालू न शकणाऱ्या शिकाऱ्यास थांबलेल्या गाडीतून बार टाकण्याची विशेष परवानगी मिळते. आणि तेथे बहुधा त्याच्याबरोबर एक सोबती नेमलेला असतो, जो जखमी जनावराच्या मागे जातो व मेलेले आणतो. ह्या नियमात दया आहे, तसा व्यवहारही आहे. नेम धरणारा डोळा एकाचा असू शकतो. त्या नेमाचे परिणाम निस्तरणारे पाय कोणाचे तरी लागतातच.

तसे पाहिले तर शिकार नेहमीच दुसऱ्यांच्या पायांवर चालत आली. पहिला वाशीम जिल्हा अस्तित्वात होता, म्हणजे १९०५ साली तो अकोल्यात विलीन होण्यापूर्वीचा जो इंग्रजी अंमल, त्या काळचा साहेब मचाणावर बसून राही, हाकारे रान उठवीत, एक माणूस बंदूक भरून देई, दुसरा माग काढी. साहेबाचे दोन्ही पाय धड होते, पण त्यांचा त्या कामी उपयोग फारसा नव्हता. छायाचित्रात मात्र जनावराच्या अंगावर पाय ठेवलेला एकटा साहेबच दिसे. म्हणून अपंग माणसास सोबती लागतो ही काही त्याची उणीव नव्हे. ज्यांस तो लागतच होता आणि ज्यांनी तो कधी मोजला नाही, त्यांच्याहून हा माणूस एवढ्यापुरता अधिक प्रामाणिक ठरतो.

दादांपुढे आम्ही ही सगळी मांडणी केली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मारल्यावर त्याच्या मागं जाईन कोन?" प्रश्न आम्हांस नव्हता. मग त्यांनी जे सांगितले ते आमच्या वहीत कोठेही नव्हते. मागल्या हंगामात गावातल्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून जागलीच्या पाळ्या लावल्या. यादीत दादांचे नाव नव्हते. त्यांच्या वाट्याची पाळी इतरांनी आपसांत वाटून घेतली. पैसे मागितले नाहीत, बोलूनही दाखविले नाही. "कोणी काही म्हणलं असतं तर बरं झालं असतं," दादा म्हणाले. ज्या माणसाने पन्नास वर्षे आपले वावर राखले, त्यास गावाने चांगुलपणाने यादीतून वगळले होते. रायफल त्यांस डुकरासाठी हवीच होती, नाही असे नव्हे; परंतु त्याहून अधिक ती त्या यादीसाठी हवी होती. ज्याच्या हाती बंदूक आहे त्यास कोणी पाळीतून गाळीत नाही, असा त्यांचा कयास.

आमच्या मते हा कयास हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. हात-पाय थकलेल्या माणसास आपण औषध देतो, अन्न देतो, मान देतो. काम मात्र काढून घेतो, आणि त्यालाच विश्रांती म्हणतो. त्याच्या हाती काही असावे, त्याचा उपयोग कोणास तरी व्हावा, ही त्याची भूक आपल्या हिशेबात येत नाही. मग तो मागतो ती वस्तू कधी चमत्कारिक असते. कोणी ऐंशीव्या वर्षी दुचाकी मागतो, कोणी रायफल. वस्तू नाकारावी लागेलही. परंतु नाकारताना मागणीच्या तळाशी काय आहे ते पाहिले नाही, तर आपण माणसासच नाकारतो.

खेळाच्या जगाने हा प्रश्न आपल्यापेक्षा समंजसपणे सोडविला आहे. अपंगांच्या पॅरालिम्पिक खेळांत नेमबाजी १९७६ पासून आहे. तेथे नेमबाजांचे दोन वर्ग करतात: ज्यांचे हात बंदुकीचा भार तोलू शकतात त्यांचा एक, आणि ज्यांच्या हातांत तेवढे बळ नाही त्यांचा दुसरा. दुसऱ्या वर्गास स्प्रिंगवर डुलणारा टेकू मिळतो. बंदुकीचा भार टेकू घेतो, नेम माणूसच धरतो. त्यांची हवेची रायफल ४.५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सोडते. धक्का जवळजवळ नाहीच. दहा मीटरांवरील फलकात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर हे पोलिओने पाय अधू झालेले नेमबाज २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या पॅरालिम्पिकात ह्याच दहा मीटर रायफलीच्या स्पर्धेत चौथे आले. त्याच खेळांत महिलांच्या स्पर्धेत जयपूरच्या अवनी लेखरा यांनी चाकांच्या खुर्चीतून सुवर्णपदक मिळविले. तेथे कोणी त्यांस 'तुम्ही बसा, आम्ही करतो' म्हणाले नाही. बसून जे करता येते त्याचीच स्पर्धा मांडली.

दादांनी रायफलीचा नाद सोडला, तो आमच्या उपदेशाने नव्हे. त्या हिवाळ्यात शेजारच्या सहा वावरांस मिळून सौर कुंपण घालण्याचे ठरले. ह्या कुंपणाच्या तारेत क्षणभराचा झटका ठराविक अंतराने सोडला जातो. जनावर दचकते, मरत नाही. काही अविचारी लोक थेट खांबावरून वीज घेऊन तारेत सोडतात. त्याने विदर्भात जनावरे मेली, वाघ मेले आणि माणसेही मेली. सौर कुंपणाचे तसे नाही. मात्र त्यास राखण लागते. तारेस गवत टेकले, फांदी पडली, की झटका जमिनीत जातो आणि पेटीवरचा काटा उतरतो. हा काटा रात्रीतून तीन-चारदा कोणीतरी पाहावयास हवा, आणि उतरला तर कोणत्या बाजूस काय झाले असेल ते ओळखून धावणाऱ्यास फोन करावयास हवा. पेटी दादांच्या गोठ्यात बसविली, कारण त्यांचे घर वावरास सर्वांत जवळचे. ते आपण होऊन बोलले की रात्रीचा काटा मी पाहीन, झोप तशीही येत नाही. पुढच्या यादीत त्यांचे नाव होते, आणि सर्वांत अधिक पाळ्या त्यांच्याच. डुकरे अजूनही कधी तारेखालून उकरून शिरतात. काळवीट तर पाहता पाहता तारेवरून उडी घेतो. त्यास कोणाचाच इलाज नाही.

नेमाचा शौक मात्र उरला होता. दुनळी त्यांनी रीतसर जमा केली आणि एक ०.१७७ इंची हवेची बंदूक आणली. वीस जूलपर्यंतच्या शक्तीची अशी बंदूक परवान्यावाचून बाळगता येते. पाखरांवर ती रोखावयाची नाही, असा त्यांचा घरात सक्त नियम. कायदाही तेच सांगतो. अंगणात बाजेवर बसून, गव्हाच्या अर्ध्या पोत्यावर नळी टेकवून, डाव्या खांद्याने ते गोठ्याच्या भिंतीशी भरलेल्या गोणपाटावर टाचलेला कागद टिपतात. ह्या बंदुकीतही एक गोम आहे. दर बारास नळी मोडून आतली कमान ताणावी लागते, आणि तिला चांगलाच जोर लागतो. दादांच्या खांद्यास तो निघत नाही. तो त्यांची नात काढते. ती कारंज्याच्या महाविद्यालयात जाते. संध्याकाळी आली की दप्तर ठेवून कमान ताणते, छर्रा घालते, बंदूक आजोबांच्या हाती देते आणि मागे सरून उभी राहते. दहा बार तिचे ताणण्याचे, दहा त्यांचे सोडण्याचे. परवा आम्ही गेलो तेव्हा सहा छर्रे काळ्या वर्तुळात होते. आणखी दहा झाले असते. पण अंधार पडू लागला आणि दादांनी काटा पाहावयास गोठ्याकडे कुबडी वळविली.